मिस्त्रीच्या हाताखालची शाळा : नवी मुंबईतील सुतार व फर्निचर कारागिरांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, नवी मुंबई महानगरपालिका
मा. उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, सिडको
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ

विषय : लाकूडकाम व फर्निचर बनवण्याच्या प्रशिक्षणाची नवी मुंबईत कायमची सोय करण्याबाबत

महोदय,

नवी मुंबईत सुतारकाम शिकवणारी सगळ्यात मोठी शाळा कुठल्याच खात्याच्या यादीत नाही. ती रोज सकाळी खारघर, उलवे, घणसोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये भरते. फरशीवर पुठ्ठे अंथरलेले, भिंतीला प्लायचे बोर्ड टेकवलेले, आणि सनमायका कापताना पात्याचा दात कोणत्या बाजूने लागला म्हणजे कड फुटत नाही, हे एक मिस्त्री दोन पोरांना दाखवत असतो. या शहरातली बहुतेक स्वयंपाकघरे आणि कपाटे अशाच शाळेत शिकलेल्या हातांनी उभी केली. शिकवण्याचा खर्च मात्र आजवर एकट्या मिस्त्रीने सोसला. तो यापुढे शासन, महापालिका, सिडको आणि उद्योग यांनी वाटून घ्यावा, हे आमचे मुख्य म्हणणे. पुढच्या सगळ्या मागण्या त्यातूनच निघतात.

खर्च कसला, असे कोणी विचारील. प्लायचा आठ बाय चारचा बोर्ड म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. त्यातून लांबीला दोन-दोन फुटांच्या चार फळ्या निघतात, असे कुणालाही वाटेल. पण पाते दर कापाला तीनएक मिलिमीटर लाकूड खाते. नवा पोरगा पहिल्या तीन फळ्या टेपने मोजून बरोबर दोन फुटी कापतो आणि चौथी सात-आठ मिलिमीटरने तोकडी पडते. कपाटाचे तीन कप्पे नीट बसतात, चौथा झुलतो. लपवलेल्या बिजागरीसाठी ३५ मिलिमीटरचे भोक पाडतानाही तेच. बोर्ड १८ मिलिमीटरचा, भोक पाडायचे साधारण बाराचे. हात जरा जास्त दाबला गेला की बिटाचे टोक दाराच्या दर्शनी बाजूला उमटते, आणि दार बाद. बऱ्यापैकी मरिन प्लायचा एक बोर्ड आज तीन-चार हजारांच्या घरात आहे. ग्राहक तो भरून देत नाही. ठेकेदार मिस्त्रीच्या हिशेबातून कापून घेतो.

त्यामुळे पोराच्या हाती मशीन यायला दोन-दोन वर्षे जातात. तोवर तो घासपेपर मारतो, फेव्हिकॉल फासतो, लिफ्ट बंद असली की बोर्ड खांद्यावरून अकराव्या मजल्यावर चढवतो. मिस्त्री लोक विद्या लपवतात, असा आमच्यावर जुना आरोप आहे. काही जण लपवतातही. पण बहुतेकांना वाया जाणारा बोर्ड परवडत नाही, इतकी साधी ही गोष्ट आहे.

सरकारने काहीच केले नाही, असा आमचा सूर नाही. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली आणि तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, पुढे पंधरा दिवसांचे किंवा त्याहून मोठे प्रगत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि आधी १ लाख व मग २ लाखांचे पाच टक्के व्याजाचे कर्ज. सावकाराकडून व्याजाने पैसे घेणाऱ्या माणसाला योजनेच्या ओळखपत्राची आणि या कर्जाची किंमत कळते. मात्र सात दिवसांत कोणी सुतार होत नाही. जो आधीच सुतार आहे त्याच्यावर शिक्का बसतो, इतकेच. शिवाय हजाराच्या वर रोज असलेला मिस्त्री ५०० रुपयांसाठी आठवडाभर काम सोडून बसत नाही. बसला तर साइट हातची जाते.

दुसरी वाट आयटीआयची. शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० पासून चालू आहे आणि तिच्यात लाकूडकामाचा एक वर्षाचा व्यवसाय आहे. आठवी पास मुलालाही तिथे दार उघडे आहे, ही चांगली गोष्ट. रंधा, पटाशी, गुण्या, कुसू आणि खाच हा पाया तिथे पद्धतशीर घालता येतो, आणि साइटवर तो कधीच नीट घातला जात नाही. प्लाय आणि स्क्रूवर वाढलेल्या आजच्या अनेक कारागिरांना सागाच्या खुर्चीचा एक सांधा धड करता येत नाही, हे आमच्या संघटनेत सर्वांना ठाऊक आहे. पण एका वर्षात हातअवजारे, मशीन, मॉड्युलर काम, पॉलिश आणि नकाशा वाचणे हे सगळे मावत नाही. जर्मनीत फर्निचर करणाऱ्या सुताराची उमेदवारी तीन वर्षांची असते. तो कारखान्यात राबतो आणि ठरलेले दिवस शाळेत बसतो. आमचा मिस्त्री पोराला जितका काळ हाताखाली ठेवतो, त्याच्याशी हा काळ बरोबर जुळतो. फरक इतकाच की तिथे त्या काळाला शिक्षण म्हणतात.

तिसरी वाट शिकाऊ उमेदवारीची, १९६१ च्या कायद्याची. तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. आता आमचे गाळे पाहा. कांदा-बटाट्याला तुर्भ्यात बाजार मिळाला, लोखंडाला कळंबोली मिळाली. सुतारकाम मात्र गावठाणांतल्या तळमजल्यांवर, जागा मिळेल तिथे वसले. तिथे एक मालक-मिस्त्री आणि एखाद-दुसरा हेल्पर, एवढाच कारभार. चारचा आकडा गाठतच नाही, म्हणजे खरे शिकवणारेच कायद्याच्या बाहेर. आणि जे आत आहेत त्यांनाही मिळणारी मदत शिकणाऱ्याच्या विद्यावेतनापुरती असते. शिकवण्यात गेलेला वेळ आणि वाया गेलेले लाकूड यांचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी अशी, की शेजारशेजारच्या दहा-पंधरा गाळ्यांना मिळून एक आस्थापना मानावे व त्यांना शिकाऊ उमेदवार नोंदवू द्यावेत. नोंदणी, हजेरी आणि कागदपत्रे संघटना सांभाळील. अशा प्रत्येक उमेदवारामागे मिस्त्रीला दरमहा शिकवणी-भत्ता द्यावा, आणि वाया जाणाऱ्या मालासाठी ठरावीक रक्कम वेगळी ठेवावी. भत्ता किती असावा यावर घासाघीस करायला आम्ही तयार आहोत. तो असावा की नाही, यावर नाही. उमेदवारी तीन वर्षांची असावी आणि दर सहा महिन्यांनी बाहेरच्या परीक्षकापुढे एक वस्तू करून दाखवावी लागावी : आधी चौरंग, मग खणांचे टेबल, मग खिडकीची चौकट, शेवटी पूर्ण कपाट. लेखी प्रश्नपत्रिकेवर सुताराची पारख करू नये.

याला लागूनच दुसरी. ज्याने पंचवीस वर्षे काम केले आणि डझनभर पोरे तयार केली तो मिस्त्री दहावी नाही म्हणून आयटीआयत शिकवू शकत नाही. शिल्प निदेशकांची पात्रता सैल करा, असे आम्ही म्हणत नाही. त्यांना पाया येतो, अभ्यासक्रम येतो, त्यांची गरज आहे. पण त्यांच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस तासिका तत्त्वावर अनुभवी मिस्त्री बोलवावेत. त्यांची निवड कागद पाहून न होता काम पाहून व्हावी.

तिसरी मागणी जागेची. तुर्भे ते रबाळे पट्ट्यात, ट्रान्स-हार्बरच्या स्टेशनातून चालत जाता येईल अशा ठिकाणी एमआयडीसीने एक शेड द्यावी. बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत प्रगत लाकूडकामाचे प्रशिक्षण केंद्र आहे. पश्चिम किनाऱ्यावर एवढा मोठा फर्निचरचा बाजार असताना इथल्या पोराने तिकडे का जावे? शेडमध्ये पॅनल सॉ, थिकनेसर, एज बँडर, एक लहान सीएनसी आणि व्हाइस बसवलेली लाकडी बाके असावीत. वर्ग संध्याकाळी सात ते साडेनऊ आणि रविवारी, कारण दिवसा आमचा माणूस साइटवर असतो. दिवसा तीच यंत्रे लहान सुतारांना तासाच्या भाड्याने द्यावीत. दोन माणसांच्या गाळ्याला पॅनल सॉ परवडत नाही, पण आठवड्यातून तीन तास तो भाड्याने परवडतो, आणि त्या पैशांतून देखभाल निघते. बंद शटरमागे प्लॅस्टिकच्या वेष्टनात गंजणारी सरकारी यंत्रे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. पीएम-सेतू योजनेतून देशातल्या १,००० आयटीआयंचे ६०,००० कोटी रुपये खर्चून नूतनीकरण व्हायचे आहे. त्यात आपल्या भागातल्या ज्या संस्था बसतील त्यांच्याशी ही शेड जोडून द्यावी.

चौथीबाबत आम्ही थोडे कठोर बोलू. साइटवर प्लाय ज्या यंत्राने कापतात ते मुळात फरशी कापायचे आहे. चार इंची मार्बल कटर, मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे, त्याला लाकडाचे दातेरी पाते लावलेले. वरचा पत्रा आड येतो म्हणून काढून टाकलेला. काही ठिकाणी हेच यंत्र प्लायच्या तुकड्याखाली उलटे आवळतात, पाते वर काढतात आणि त्याला टेबल सॉ म्हणतात. खऱ्या टेबल सॉला पात्यामागे एक पोलादी पान असते. कापलेले लाकूड आवळून पाते धरू लागले तर ते पान त्याला दूर ठेवते. या जुगाडात ते नसते. बोर्ड उसळतो तो थेट पोटाकडे, आणि बोटे पात्याकडे. आमच्या सभेत हात वर करायला सांगितले तर सगळे हात दहा बोटांचे दिसत नाहीत.

हे निदान दिसते तरी. धूळ दिसूनही दिसत नाही. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात नोंदवले. पुढे प्लाय आणि एमडीएफच्या चिकटद्रव्यातून सुटणारे फॉर्माल्डिहाइडही त्याच गटात गेले. एसीच्या फ्लॅटमध्ये धूळ बाहेर जाऊ नये म्हणून सोसायटीवाले खिडक्या बंद ठेवायला लावतात, आणि पोरगा तोंडाला रुमाल बांधून दिवसभर एमडीएफ घासतो. म्हणून प्रशिक्षणाचे पहिले चाळीस तास सुरक्षेचेच असावेत, आणि ते पूर्ण केल्याशिवाय कुणाच्याही हाती मशीन देऊ नये. अवजारांच्या १५,००० रुपयांत ड्रिल, कटर, हातप्लेनर येतात, पण धूळ ओढणारे यंत्र येत नाही. त्यासाठी राज्याने वेगळी भर घालावी. आणि ज्या सोसायटीत फर्निचरचे काम चालेल तिथे एक खोली हवेशीर ठेवणे महापालिकेने बंधनकारक करावे.

प्रमाणपत्राचा मुद्दा इथेच येतो. लाकूडकामाच्या जागा भरत नाहीत, तरुणांना रस नाही, असे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. रस कसा असेल? वर्षभर शिकून आलेला मुलगा आणि काल गावाहून उतरलेला मुलगा, दोघांना साइटवर हेल्परचाच रोज मिळतो. हे ठेकेदाराला उपदेश करून बदलणार नाही, निविदेतून बदलेल. महापालिकेच्या शाळांचे बाक, वाचनालयांची कपाटे, सिडकोच्या इमारतींचे दरवाजे यांच्या निविदांत अशी अट घाला : कामावरचे ठरावीक टक्के सुतार प्रमाणित असावेत आणि प्रत्येक मोठ्या कामावर शिकाऊ उमेदवार असावेत. ऑक्टोबर २०२४ च्या एकाच योजनेत सिडकोने सुमारे २६,००० घरे काढली. प्रत्येक घराला दारे लागतात, चौकटी लागतात. एवढ्या कामाचा लहानसा हिस्सा जरी शिकणाऱ्या हातांना मिळाला, तरी वर्गात जागा शिल्लक राहणार नाहीत. तसेच बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला लागणारा ९० दिवसांच्या कामाचा दाखला फ्लॅटचे मालक देत नाहीत, कारण त्यांना त्यात कसलीतरी जबाबदारी दिसते. उमेदवारीची हजेरी त्या दाखल्याऐवजी ग्राह्य धरावी.

तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये आयकिया सुरू झाले तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांनी आता आपले संपले असे म्हटले होते. कार्यकारिणीला तसे वाटत नाही. खोक्यातून आणून घरी जोडायच्या कपाटाने ग्राहकाला बिजागरी, चॅनेल, फटीची सारखी रेघ हे सगळे बघायला शिकवले. तोच ग्राहक आता आमच्या कामाकडे त्याच नजरेने बघतो, हे आम्हाला जड जाते आणि बरेही आहे. पण आपल्या इमारतींची भिंत क्वचितच गुण्यात असते. वर आणि खाली वीस-वीस मिलिमीटरचा फरक निघतो, कोपऱ्यात पाइप निघतो. तयार कपाट तिथे बसत नाही. भिंतीची वेडीवाकडी रेघ फळीवर उतरवून, पटाशीने फळी त्या रेघेला मिळवणारा माणूसच लागतो. आम्हाला प्रशिक्षण हवे ते या कामाचे. स्क्रू आवळणारे तयार करायला आमची संघटना लागत नाही.

सरावाच्या लाकडावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण प्रशिक्षणाचे अंदाजपत्रक इथेच कोसळते. न्हावा-शेवा बंदर आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने यांच्याकडे पाइनच्या पॅलेट आणि खोक्यांचा ढीग असतो. ज्यांवर ‘एचटी’ शिक्का आहे ते लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. रंधा मारला की सांधे शिकायला अगदी योग्य. ‘एमबी’ शिक्क्याचे, म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेले, घेऊ नये. एमआयडीसीने कारखान्यांना पत्र काढून हे जुने लाकूड शेडमधल्या प्रशिक्षण केंद्राला देण्यास सांगावे. दुसरा साठा पावसाळ्याचा. दर जूनमध्ये रस्त्याकडेचे रेन ट्री, आंबे कोसळतात आणि त्यांचे तुकडे होऊन ते सरपणाच्या भावाने जातात. चांगल्या बुंध्याच्या फळ्या काढून त्या सावलीत वाळवायला वर्षभर लागते, पण नंतर त्याचे सुंदर फर्निचर होते. वृक्ष प्राधिकरणाने असे बुंधे केंद्रासाठी राखून ठेवावेत. राज्याच्या वन विकास महामंडळाने मार्च २०२३ मध्ये बल्लारशाहून अयोध्येच्या राम मंदिरासाठी सागवान पाठवले, त्याचा आम्हालाही अभिमान वाटला. त्याच महामंडळाने उमेदवारांच्या शेवटच्या परीक्षेसाठी थोडा साग सवलतीच्या दरात द्यावा. आयुष्यात एकदा तरी खऱ्या सागाला पटाशी लावल्याशिवाय कुणाला सुतार म्हणू नये, हे आमचे मत आहे. त्यावर आमच्यातही वाद आहे.

शाळांसाठी फार मागत नाही. महापालिकेच्या दोन शाळांत लाकूडकामाची एकेक खोली काढावी, सहावीपासून. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, आणि हाताने वस्तू करत शिकण्याचा त्यांचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांत गेला. नमुना घरातच आहे, परदेश दौऱ्याची गरज नाही.

मुलींबाबत : एज बँडर, सीएनसी, पॉलिश, नकाशा या कामांत अंगबळाचा प्रश्नच नाही. शेडमध्ये वेगळे स्वच्छतागृह आणि रात्री स्टेशनपर्यंत उजेड असला तरी पुष्कळ झाले. एक तृतीयांश जागा राखून ठेवा.

जागा कुणाला, हा नाजूक विषय आहे आणि आम्ही तो टाळत नाही. हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभे राहिले. प्रकल्पग्रस्त कुटुंबांतल्या मुलांना रविवारच्या वर्गात प्राधान्य असलेच पाहिजे. पण आमच्या सभासदांत आगरी-कोळी जितके आहेत तितकेच राजस्थानचे सुथार, उत्तर प्रदेश-बिहारचे मिस्त्री आहेत, आणि इथल्या अनेक मराठी मुलांनी रंधा त्यांच्याच हाताखाली धरला. रात्रवर्गाला आणि शिकवणी-भत्त्याला अधिवासाची अट घालू नका. पुस्तके सचित्र असावीत, मराठीत आणि हिंदीत.

आमच्याकडूनही काही लिहून घ्या. अठरा वर्षांखालील मुलाला आमचा एकही सभासद मशीनवर उभा करणार नाही. उमेदवाराला ठरलेले विद्यावेतन त्याच्या बँक खात्यातच जाईल. आठवड्यातला एक दिवस तो वर्गात असेल, साइट कितीही तुंबली तरी. जो सभासद हे मोडील त्याची नोंदणी संघटना स्वतः रद्द करील आणि तसे आपल्या कार्यालयास कळवील.

चारही कार्यालयांची आमच्यासोबत एकत्र बैठक तीन महिन्यांत लावावी. वेगवेगळ्या बैठका नकोत. जागा एकाची, अभ्यासक्रम दुसऱ्याचा, निविदा तिसऱ्याची, आणि प्रत्येक टेबलावर पुढच्या टेबलाकडे बोट, हा अनुभव आम्हाला पुरेसा आहे. बैठकीस येताना शेडचा आराखडा, यंत्रांची यादी आणि पहिल्या तुकडीसाठी शिकवायला तयार असलेल्या मिस्त्रींची नावे आम्ही सोबत आणू. बैठक शक्यतो सोमवारी ठेवावी. त्या दिवशी बऱ्याच हार्डवेअरच्या दुकानांना सुट्टी असते, आमची माणसे मोकळी असतात.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
सुतार व फर्निचर कारागीर, नवी मुंबई

सोबत : सभासदांच्या सह्यांची यादी, गाळ्यांच्या गटांचा नकाशा